साडेबावीस फुटांची होडी



एक होडी आहे. लांबी साडेबावीस फूट, रुंदी सहा फूट. आपल्या एखाद्या कोळीवाड्यात बेताचा मचवा असतो, त्याहून ती मोठी नव्हे. तिच्यात सहा माणसे बसावयाची आहेत. पल्ला सुमारे आठशे मैलांचा, म्हणजे तेराशे किलोमीटरांचा. मुंबईहून कन्याकुमारी सरळ रेषेत जितकी दूर, जवळजवळ तितका. समुद्र जगातील सर्वांत खवळलेल्या समुद्रांपैकी एक, आणि दिवस दक्षिण गोलार्धातील हिवाळ्याच्या तोंडचे. ही होडी पैलतीरी पोचवावयाची आहे. तिचा बेत कसा आखावा?

हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. १९१६ सालच्या एप्रिलमध्ये, अंटार्क्टिकाजवळच्या एलेफंट नावाच्या ओसाड बेटावर, तो खरोखर उभा राहिला होता. साहसाची कथा म्हणून ती जगभर सांगितली जाते, आणि तिच्यात साहस आहेच. परंतु माझी शाळा सातवीनंतर सुटली, पुढचे शिक्षण मोफत वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले; त्यामुळे कोणतीही मोठी गोष्ट वाचताना हे प्रत्यक्ष केले कोणी, आणि शेवटी कोणाच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची खोड मला लागली आहे. त्या खोडीनेच आज ही गोष्ट आपल्यापुढे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिले महायुद्ध पेटत असतानाच, सर अर्नेस्ट शॅकल्टन यांची मोहीम 'एन्ड्युरन्स' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून निघाली. अंटार्क्टिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पायी ओलांडावयाचा, असा तिचा हेतू होता. ५ डिसेंबर १९१४ रोजी तिने दक्षिण जॉर्जिया हे बेट सोडले. देवमासे मारणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची वस्ती असलेले ते शेवटचे ठिकाण. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात रुतले, ते पुन्हा सुटलेच नाही. नऊ महिने बर्फ त्याला आवळीत राहिला. २७ ऑक्टोबर १९१५ रोजी माणसांनी जहाज सोडले आणि २१ नोव्हेंबरला ते तळाशी गेले. मार्च २०२२ मध्ये त्याचा सांगाडा सुमारे तीन हजार मीटर खोलीवर सापडला. त्यावरील नाव अजून वाचता येते.

अठ्ठावीस माणसे आणि तीन होड्या एवढेच उरले. तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून ही माणसे आणखी काही महिने राहिली. बर्फ फुटू लागला तेव्हा, ९ एप्रिल १९१६ रोजी, त्यांनी होड्या पाण्यात लोटल्या आणि १५ एप्रिलला एलेफंट बेट गाठले. जवळजवळ सोळा महिन्यांनी पायाखाली घट्ट जमीन आली. पण त्या बेटावर वस्ती नाही, तेथून जहाजांची वाट जात नाही, आणि ही माणसे तेथे आहेत हे जगात कोणालाच ठाऊक नाही. वाट पाहण्याचा अर्थ मरणाची वाट पाहणे. तेव्हा कोणीतरी जाऊन मदत आणली पाहिजे, हे ठरले. येथून बेताला आरंभ होतो.

पहिला प्रश्न, जावयाचे कोठे? अंतराने पाहिले तर दक्षिण अमेरिकेचे टोक आणि फॉकलंड बेटे जवळ होती. साधा माणूस म्हणेल, जवळच्या बंदरात जा. परंतु त्या समुद्रात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो आणि पाण्याचा ओढही पूर्वेकडे असतो. शिडाच्या लहान होडीला वाऱ्याच्या तोंडावर जाणे साधत नाही. म्हणून वायव्येचे जवळचे बंदर सोडून ईशान्येचे दूरचे दक्षिण जॉर्जिया निवडले गेले. वारा पाठीशी राहील आणि तेथे देवमाशांचे कारखाने आहेत, म्हणजे माणसे आणि जहाजे नक्की मिळतील. नकाशावर जवळचे असते ते वाऱ्याच्या हिशेबाने दूरचे ठरू शकते. आपल्या कोकणातील तांडेलाला हे सांगावे लागत नाही. मोसमाच्या वाऱ्याविरुद्ध तो मचवा घालीत नाही. खुर्चीत बसून बेत आखणाऱ्याला मात्र हे फार वेळा सांगावे लागते.

दुसरा प्रश्न होडीचा. तीन होड्यांपैकी 'जेम्स केअर्ड' सर्वांत मोठी आणि त्यातल्या त्यात समुद्रजोगी होती. कप्तान फ्रँक वर्स्ली यांच्या सूचनेप्रमाणे ती लंडनमध्ये पॉप्लर येथे बांधली गेली होती. फळ्या बाल्टिक पाइनच्या, तळाचा कणा व फासळ्या अमेरिकन एल्मच्या, पुढचा-मागचा खांब इंग्लिश ओकचा. तिला नाव दिले होते मोहिमेच्या एका मोठ्या देणगीदाराचे. सर जेम्स केअर्ड हे स्कॉटलंडमधील डंडी शहरातील तागाचे कारखानदार. डंडीच्या गिरण्यांत जो ताग विणला जाई, तो बंगालच्या शेतकऱ्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून कापलेला आणि कुजवलेला असे. दक्षिण ध्रुवाजवळच्या होडीवरचे नाव उकलू लागलो तर त्याचा धागा असा आपल्या देशापर्यंत येऊन पोचतो. देणगीदाराचे नाव होडीवर आले, यात काही गैर नाही. मला फक्त पुढे येणाऱ्या हिशेबासाठी हे आपल्या ध्यानात राहावे असे वाटते.

होडी चांगली होती, पण उघडी होती. जहाजावरून किनाऱ्याला जाण्यासाठी बांधलेली होडी महासागरात घातली तर पहिल्या मोठ्या लाटेने ती भरून जाईल. तेव्हा शॅकल्टन यांनी सुताराला बोलावले. हा सुतार म्हणजे हॅरी मॅकनिश, स्कॉटलंडमधील पोर्ट ग्लासगोचा, वय चाळिशीच्या पुढचे. होडी या प्रवासाजोगी करता येईल काय, असे त्याला विचारले. तेव्हा त्याने आधी उलट विचारले, की मी बरोबर जाणार आहे काय? शॅकल्टन 'होय' म्हणाले तेव्हा तो खूश झालेला दिसला. मग कॅनव्हास मिळाले तर वरून झाकण करता येईल असे त्याने सांगितले. ही हकीकत स्वतः शॅकल्टन यांनीच लिहून ठेवली आहे. जो बांधणार आहे त्याने, मी तिच्यात बसणार आहे काय, हे आधी विचारावे, यात त्या माणसाचा आणि त्याच्या धंद्याचा सगळा स्वभाव मला दिसतो.

मॅकनिशचे काम खरे म्हणजे आधीच सुरू झाले होते. तरंगत्या बर्फावर असतानाच त्याने मोडक्या लाकडांतून फळ्या काढून होडीच्या बाजू उंच केल्या होत्या. फळ्यांच्या सांधी बुजवण्यासाठी डांबर नव्हते. तेव्हा त्याने दिव्याच्या वाती सांधीत कोंबल्या, आणि त्यावर मोहिमेतील चित्रकाराचे तैलरंग व सीलचे रक्त यांचा लेप दिला. आता एलेफंट बेटावर त्याने घसरगाडीच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणे यांची चौकट केली, आणि तिच्यावर कॅनव्हास ताणून होडीला पाठ घातली. ते कॅनव्हास थंडीने लाकडासारखे कडक झाले होते. सीलच्या चरबीच्या जाळावर थोडे थोडे मऊ करून माणसांनी ते शिवले. लाटेच्या माथ्यावर होडी मध्येच मोडू नये म्हणून दुसऱ्या एका होडीची डोलकाठी तिच्या पोटात कण्याला लांबीने बांधून टाकली. हत्यारे मोजकी, बोटे थंडीने बधिर झालेली, आणि मुदत काही दिवसांची. 'शॅकल्टन यांनी होडी सज्ज केली' असे एक वाक्य पुस्तकांत असते. त्या एका वाक्याच्या पोटात हे सगळे आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा. रिकामी होडी लाटेवर उलटते, म्हणून तिच्या बुडाशी नीरम, म्हणजे स्थिरतेसाठी वजन, ठेवावे लागते. कांबळ्यांच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू-खडी भरली, शिवाय मोठे दगड घातले. सगळे मिळून एक टनाच्या आसपास. यावर मतभेद झाला. वर्स्ली म्हणाले, इतक्या वजनाने होडी जड होईल, लाटेबरोबर उठणार नाही, पाणी सारखे अंगावर येईल. शॅकल्टन यांना भीती होती ती होडी उलटण्याची. शेवटी शॅकल्टन यांचे ऐकले गेले. पुढे प्रवासात दोघांचेही म्हणणे खरे ठरले. होडी उलटली नाही, आणि सहा माणसे सोळा दिवस ओलीचिंब राहिली. त्याच दगडांवर त्यांना झोपावे लागले, आणि होडीचा तोल सांभाळण्यासाठी तेच दगड सारखे इकडून तिकडे ओढावे लागले.

चौथा प्रश्न शिध्याचा. सहा माणसांना एक महिना पुरेल इतके अन्न घेतले. सुकवलेल्या मांसाच्या वड्या, बिस्किटे, साखर, दुधाची भुकटी, शिजवण्यासाठी दोन प्रायमस स्टोव्ह, पाण्याची दोन पिंपे आणि वितळवून पिण्यासाठी बर्फ. महिन्याचेच का? शॅकल्टन यांचा हिशेब असा, की महिन्याभरात दक्षिण जॉर्जिया लाभले नाही तर ते पुढे लाभणारच नाही. मग जास्तीचे अन्न मागे राहणाऱ्यांच्या तोंडचे कशाला न्यावयाचे?

येथे मला थोडे घरचे सांगू द्या. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि माझे वडील गिरणीत होते. पहिल्या दिवशी चाळीत उत्साह होता. रात्री आईने डबे उघडून पाहिले आणि वडिलांना एवढेच विचारले, की हे किती दिवस पुरवावयाचे? वडिलांजवळ उत्तर नव्हते, कारण ते कोणीच ठरवले नव्हते. त्या वर्षी माझी शाळा सुटली. पुढे मी संघटनेचे काम करू लागलो, तेव्हापासून लढ्याचा ठराव मांडण्यापूर्वी माणसांच्या घरी किती दिवसांचे धान्य आहे याची यादी मी करीत आलो आहे. काहींना ते भित्रेपणाचे वाटते. शॅकल्टन यांना भित्रा कोणी म्हटलेले नाही, आणि त्यांनीही आधी डबेच मोजले होते.

पाचवा प्रश्न वाट सापडण्याचा. दक्षिण जॉर्जिया सुमारे शंभर मैल लांबीचे आणि अरुंद बेट आहे. ते चुकले की पुढे हजारो मैल पाणीच पाणी. जहाजावर क्रॉनॉमीटर, म्हणजे रेखांश काढण्याची नाजूक घड्याळे, चोवीस होती. त्यांतले एकच आता नीट चालत होते. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजावयाची, त्या क्षणी घड्याळातील वेळ टिपावयाची, आणि कोष्टकांवरून आपण कोठे आहो हे काढावयाचे, अशी ती रीत. पण सूर्य दिसला पाहिजे, आणि मोजणारा स्थिर उभा राहिला पाहिजे. वर्स्ली यांना साऱ्या प्रवासात अवघी चार वेळा सूर्याची उंची घेता आली. ती घेताना ते डोलकाठीला कवटाळीत किंवा कोणीतरी त्यांना धरून ठेवी, आणि कोष्टकांची पाने ओलीने एकमेकांना चिकटलेली असत. बाकीचे दिवस वेग, दिशा आणि वेळ यांवरून केवळ अंदाज.

तेव्हा वर्स्ली यांनी एक मोठी शहाणपणाची गोष्ट सांगितली. माझ्या हिशेबात काही मैलांची चूक असू शकेल, असे त्यांनी स्पष्ट कबूल केले. वस्ती बेटाच्या पलीकडच्या, ईशान्य किनाऱ्याला होती. सरळ तिकडे जाऊ लागावे आणि थोडे चुकावे, तर वारा होडीला बेटाच्या पलीकडे कायमचे घेऊन जाईल. म्हणून आधी अलीकडचा, निर्मनुष्य, नैर्ऋत्येचा किनारा धरावा, असे ठरले. स्वतःची चूक आधीच हिशेबात धरून आखलेला बेत मला फार थोर वाटतो.

सहावा आणि सर्वांत अवघड प्रश्न माणसांचा. बावीस जण मागे राहावयाचे, त्यांचा भार फ्रँक वाइल्ड यांच्यावर. आपण परतलो नाही तर वसंत ऋतूत उरलेल्या होड्यांनी डिसेप्शन बेटाकडे जावे, अशीही सूचना शॅकल्टन यांनी देऊन ठेवली. बरोबर घेतले ते वर्स्ली, आयर्लंडचे टॉम क्रीन आणि टिमथी मॅकार्थी, हल बंदराचा जॉन व्हिन्सेंट आणि सुतार मॅकनिश. यांतील शेवटची दोन नावे ऐकून जाणकार दचकतील. व्हिन्सेंट दांडगाईबद्दल बदनाम होता. आणि मॅकनिश? त्याने तर चार महिन्यांपूर्वी काम नाकारले होते.

ते प्रकरण असे. जहाज सोडले तेव्हा कुत्र्यांच्या पिलांबरोबर मॅकनिशची आवडती मांजरही, जिचे नाव 'मिसेस चिपी', गोळी घालून मारण्यात आली. उरलेल्या लाकडातून एक लहान शिडाचे गलबत बांधू, अशी त्याची सूचना होती. ती मानली गेली नाही. मग बर्फावरून होड्या ओढून नेण्याचा हुकूम झाला. उंचसखल बर्फावर ओढल्याने होड्या फुटतील, आणि शेवटी आपला जीव त्यांच्यावरच आहे, हे सुताराला दिसत होते. २७ डिसेंबर १९१५ रोजी त्याने पाऊल पुढे टाकण्यास नकार दिला. त्याचे म्हणणे कायद्याचे होते, की आपण जहाजावर चाकरीला आहो. जहाज बुडाले, करार संपला.

हे म्हणणे हवेतले नव्हते. ब्रिटनच्या १८९४ च्या व्यापारी जहाज कायद्यात स्पष्ट होते, की जहाज फुटून चाकरी संपली तर खलाशाला पगार मिळावयाचा तो त्या दिवसापर्यंतचाच. जहाज समुद्राने गिळले म्हणजे त्याच घटकेला खलाशाची भाकरीही बुडे. पगार थांबवण्यापुरता करार संपतो, आणि हुकूम पाळण्यापुरता मात्र तो चालू राहतो, हे कसे, असा तो प्रश्न आहे. शॅकल्टन यांनी करारातील खास कलमावर बोट ठेवले. जहाजावर, होड्यांत किंवा किनाऱ्यावर सांगितलेले काम करावे लागेल, असे ते कलम होते. सर्वांसमोर ते वाचून दाखवण्यात आले आणि मॅकनिश कामाला लागला. होड्या ओढण्याचा बेत मात्र दोनच दिवसांत सोडून द्यावा लागला.

मला येथे कोणा एकाला खलनायक करावयाचे नाही. बर्फावर अठ्ठावीस जीव सांभाळणाऱ्या पुढाऱ्याला एकाने नाही म्हटले तर उद्या दहा म्हणतील ही धास्ती वाटते, हे मी संघटनेत पाहिले आहे, आणि त्या धास्तीने मीही कधी एखाद्या जाणत्या कामगाराचे तोंड बंद केले आहे. त्याची खंत मला आहे. आणि हेही खरे, की त्याच शॅकल्टन यांनी चार महिन्यांनी त्याच सुताराला आपल्या होडीत घेतले. मागे ठेवला तर तो कुरकुर पसरवील, हा विचार त्यात होता असे म्हणतात. पण खवळलेल्या समुद्रात होडीची फळी निसटली तर ती बसवणारा हात जवळ हवा, हा विचारही त्यात असलाच पाहिजे.

२४ एप्रिल १९१६ रोजी बर्फाची फट मिळताच होडी निघाली. निघतानाच पाण्याचे एक पिंप आपटून त्यात खारे पाणी शिरले. ते शेवटच्या दिवसांत कळले, आणि तहानेने जिभा सुजल्या. तिघे चार तास पहाऱ्यावर, तिघे चार तास पाठीखाली, असा क्रम लागला. उडालेले पाणी कॅनव्हासवर गोठून होडी जड होई; तेव्हा रांगत वर जाऊन बर्फ तोडावा लागे. वजन कमी करण्यासाठी दोन गोठलेल्या झोपण्याच्या पिशव्या आणि जादा वल्ही समुद्रात टाकावी लागली. एका रात्री शॅकल्टन यांना ढगांत उजेडाची रेघ दिसली. क्षणात कळले की तो लाटेचा फेसाळ माथा आहे. ती लाट होडीवरून गेली. अर्धी भरलेली होडी त्यांनी जिवाच्या आकांताने उपसली. सुताराने घातलेली पाठ फाटली नाही.

८ मे रोजी दक्षिण जॉर्जियाचे कडे दिसले. दुसऱ्या दिवशी वादळाने होडी त्या कड्यांवर आपटण्याची वेळ आणली, आणि १० मे रोजी सहाही जण किंग हाकॉन उपसागरात उतरले. पण वस्ती पलीकडच्या बाजूला, मध्ये कोणी न ओलांडलेले बर्फाचे डोंगर. मॅकनिश आणि व्हिन्सेंट पार खचले होते. त्यांच्याजवळ मॅकार्थीला ठेवून शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन निघाले. बुटांना बर्फावर पकड यावी म्हणून मॅकनिशने होडीचे स्क्रू काढून त्यांच्या तळव्यांत बसवून दिले. बर्फात पायऱ्या खोदण्यासाठी त्यांनी बरोबर नेला तो सुताराचा वाकस. छत्तीस तास चालून २० मे रोजी ते स्ट्रॉमनेसच्या कारखान्यावर पोचले. चौथ्या खेपेच्या प्रयत्नात, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, चिलीच्या 'येल्चो' बोटीने एलेफंट बेट गाठले. कप्तान होते लुइस पार्दो. होडी गेल्यापासून १२८ दिवस झाले होते. बावीसच्या बावीस माणसे जिवंत होती.

बेत सफळ झाला. आता हिशेब.

शॅकल्टन यांचे नाव अजरामर झाले, आणि ते योग्यच आहे. होडी लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवली आहे, देणगीदाराच्या नावासह. मॅकार्थी १९१७ मध्ये युद्धात, समुद्रातच, मारला गेला. मोहिमेतील माणसांना ध्रुवपदक देण्यात आले. चौघांची शिफारस शॅकल्टन यांनी केली नाही. त्या चौघांत व्हिन्सेंट होता आणि हॅरी मॅकनिश होता. मोहिमेचे डॉक्टर मॅक्लिन यांनी पुढे हा मॅकनिशवर मोठा अन्याय झाल्याचे म्हटले. ते पदक त्याला मरणानंतरही मिळालेले नाही.

मॅकनिश न्यूझीलंडला गेला आणि वेलिंग्टनच्या धक्क्यावर कामाला लागला. दुखापतीने तेही काम सुटले. म्हातारपणी तो धक्क्यावरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपे. धक्क्यावरचे कामगार दरमहा वर्गणी काढून त्याला देत, आणि शेवटी त्याला एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. २४ सप्टेंबर १९३० रोजी तो वारला. अंत्ययात्रा नौदलाच्या इतमामाने निघाली, तोफेच्या गाड्यावरून. पण नंतर जवळजवळ तीस वर्षे त्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. २००४ साली त्यावर त्याच्या मांजरीची ब्राँझची मूर्ती बसवण्यात आली.

त्याने बर्फावर जो प्रश्न काढला होता तो मात्र बर्फात पुरला गेला नाही. तसाच प्रश्न जगभरच्या खलाशांपुढे होता. १९२० साली जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठराव केला, की जहाज बुडाल्यामुळे बेकार झालेल्या खलाशाला मालकाने भरपाई द्यावी. ती दोन महिन्यांच्या पगारापर्यंत मर्यादित करण्याची मुभा होती. ब्रिटनने १९२५ च्या कायद्याने ती तरतूद स्वीकारली. मॅकनिशचे नाव त्या ठरावात नाही, आणि त्याच्यामुळे तो झाला असे मी म्हणत नाही. पण जहाजाबरोबर माणसाचा पगारही बुडावा हा न्याय नव्हे, एवढे जगाने मान्य केले. कोकणातील आणि गोव्यातील घरोघरची माणसे परदेशी जहाजांवर चाकरी करीत आली आहेत. त्यांच्या घरच्यांना या दोन महिन्यांची किंमत मी सांगावयास नको.

श्रोतेहो, बेत आखणे म्हणजे काय, असे कोणी मला विचारले तर मी या होडीकडे बोट दाखवीन. वारा कोणीकडून आहे, होडी कशाची आहे, वजन किती, धान्य किती दिवसांचे, माझा हिशेब कितीने चुकू शकेल, आणि मी परतलो नाही तर मागच्यांनी काय करावे, हे सहा प्रश्न त्या माणसांनी विचारले म्हणून ती वाचली. त्यांनी सातवा विचारला नाही, तो आपण विचारावा असे मला वाटते. तो प्रश्न असा, की पैलतीरी पोचल्यावर ज्याच्या हातांनी होडी सावरली त्याचे काय? तो घरी परतल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी, दगड भरतानाच विचारावा लागतो. नंतर विचारला तर उत्तर धक्क्यावरच्या गरिबांना आपल्या वर्गणीतून द्यावे लागते.

वेलिंग्टनच्या त्या कामगारांची नावे इतिहासात नाहीत. त्यांतल्या पुष्कळांनी अंटार्क्टिका नकाशातही पाहिली नसेल. एक म्हातारा सुतार उपाशी राहू नये, इतकेच त्यांना कळत होते. त्यांना माझा मनोमन नमस्कार.